पुनर्वापराचा जमाखर्च

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मी काही वक्ता नव्हे. सरकारी खात्यात हिशेब तपासण्यात माझं आयुष्य गेलं. व्हाउचर बघायचं, बेरीज बघायची, सही कुणाची आहे ते बघायचं, एवढंच मला येतं. कमिटीने बोलावणं पाठवलं तेव्हा मी म्हटलं, माझ्यापेक्षा शिकलेली, चांगली बोलणारी मुलं आता वस्तीत आहेत, त्यांना उभं करा. पण त्याच आठवड्यात बचत गटातल्या दोघी-तिघी माझ्याकडे एक कागद घेऊन आल्या. म्हणाल्या, "काका, ह्याच्यावर सह्या करायच्यात. करू का?" तो कागद मी वाचला आणि आज काय बोलायचं ते ठरलं.

कागदाचा मथळा होता चक्रीय अर्थव्यवस्था. शब्द मोठा आहे, पण अर्थ सोपा आहे. जमिनीतून काढायचं, वस्तू बनवायची, वापरायची आणि फेकून द्यायची, ही झाली सरळ रेघ. त्याऐवजी वापरलेली वस्तू दुरुस्त करायची, पुन्हा वापरायची, अगदीच मोडली तर वितळवून तिची दुसरी वस्तू करायची, म्हणजे रेघेचं वर्तुळ होतं. आपल्या गटाने शहरातला सुका कचरा वेगळा करण्याचं काम घ्यावं, आपल्या वस्तीच्या मागच्या माळावर शेड बांधून मिळेल, वजनकाटा मिळेल, माल दाबायचं यंत्र मिळेल आणि बायकांना किलोमागे पैसे मिळतील, असं त्या कागदात आहे. ज्यांनी तो आणला त्यांचं नाव मी इथे घेत नाही. माणसं वाईट नाहीत. पण योजना टिकाऊ आहे असं त्या कागदात चार ठिकाणी लिहिलंय आणि ती टिकेल कशावरून, हे एकाही ठिकाणी लिहिलेलं नाही. ते तपासायचं कसं, यावर मी आज बोलणार आहे.

ही कल्पना परदेशातून आली असं समजू नका. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. भन्तेजी समोर बसलेत, माझं कुठे चुकलं तर त्यांनी सुधारावं. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी भदंत आनंदांचा उपदेश ऐकला आणि त्यांना पाचशे चीवरं दान दिली. राजाला ते कळलं. त्याला वाटलं, ह्या श्रमणाला एवढी वस्त्रं कशाला? कापडाचं दुकान टाकणार की काय? तो आनंदांकडे गेला आणि त्याने एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. एवढ्या चीवरांचं काय करणार? ज्या भिक्खूंची चीवरं विरली आहेत त्यांना वाटून देऊ. मग जुन्या चीवरांचं काय? त्यांची पांघरुणं करू. जुन्या पांघरुणांचं? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचं? जमिनीवरची अंथरुणं. जुन्या अंथरुणांचं? पायपुसणी. जुन्या पायपुसण्यांचं? धूळ झाडायची फडकी. आणि ती फडकीही फाटली की? त्यांचे तुकडे करून चिखलात मळू आणि त्याने जमीन सारवू. राजा इतका खूष झाला की त्याने आणखी पाचशे चीवरं दिली.

ही गोष्ट मी लहानपणी ऐकली तेव्हा मला माझी आजीच आठवली. तिच्या लुगड्याची गोधडी व्हायची, गोधडीचं बाळाचं दुपटं, दुपट्याचं चुलीवरचं भांडं उतरवायचं फडकं. शेवटी उरलेली चिंधी विस्तव पेटवायला. "फेकायचा नाय बाय, काय फेकायचा नाय," हे तिचं पालुपद. आपल्या घरांत ते गरिबीने शिकवलेलं होतं. त्याला नाव नव्हतं आणि पुरस्कारही नव्हता.

पण हिशेबनीस म्हणून मी ह्या गोष्टीकडे पाहतो तेव्हा मला त्यात तीन नोंदी दिसतात. पहिली, आनंदांनी सुरुवात जुन्यापासून केली नाही. नवं कोणाला द्यायचं, तर ज्याचं विरलंय त्याला. गरज आधी तपासली. भिक्खूला चीवरंही मोजकीच ठेवायची मुभा होती, म्हणजे वर्तुळात शिरणाऱ्या मालालाच मर्यादा होती. दुसरी, प्रत्येक पायरीवर वस्तूची किंमत उतरते. अंगावरचं वस्त्र पायाखाली येतं. तेव्हा हे खरं वर्तुळ नाही, हा उतरता जिना आहे. पण जिन्याला पायऱ्या जितक्या जास्त, तितकं नवं कापड कमी लागतं. तिसरी नोंद शेवटच्या पायरीची. कापूस होता, म्हणून तो चिखलात मिसळून गेला. मागे काही उरलं नाही.

आज ह्या तिन्ही नोंदी लावून बघा. आपल्या अंगावरचं बरंचसं कापड आज पॉलिस्टर आहे किंवा मिसळीचं आहे. त्याची गोधडी होईल, पायपुसणं होईल, पण ते चिखलात मळून जमीन सारवलीत तर त्याचा धागा वर्षानुवर्षं तसाच राहील. आनंदांची शेवटची पायरी तिथे तुटली. आणि हे पॉलिस्टर येतं कुठून? काही नव्या तेलापासून, आणि काही पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांपासून. बाटल्या धुतात, त्यांचे तुकडे करतात, वितळवून धागा काढतात. बाटलीचा शर्ट झाला म्हणून आपण टाळ्या वाजवतो. पण त्या शर्टाचं पुढे काय? तो मिसळीच्या कापडाचा असेल तर त्याचा पुन्हा धागा करणं फार अवघड. म्हणजे जिन्याला दोनच पायऱ्या. अलीकडच्या वर्षांत बाटलीपासून पुन्हा खाण्यापिण्याची बाटली करायलाही आपल्या देशात परवानगी मिळाली आहे, ती चांगली गोष्ट आहे, पण त्यासाठी बाटली स्वच्छ आणि वेगळी मिळावी लागते.

माल-मालात फरक असतो हे भंगारवाल्याला विचारा, तो कुठल्याही प्रोफेसरपेक्षा नीट सांगेल. ॲल्युमिनियम कितीदाही वितळवा, धातू तोच राहतो आणि खनिजापासून नवं करायला जी ऊर्जा लागते तिच्या सुमारे ५ टक्क्यांत काम होतं. म्हणून जुनं पातेलं तो हसत घेतो. काच तशीच पुन्हा पुन्हा वितळते, पण वजनाला जड, भावाला हलकी, फुटली की हात कापते. म्हणून काच म्हटली की तो मान हलवतो. कागदाचा धागा दर फेरीला आखूड होत जातो, पाच-सात फेऱ्यांनंतर त्यात जीव राहत नाही. आणि वेफरचं चकचकीत पाकीट? त्यात प्लॅस्टिकचे वेगवेगळे थर आणि ॲल्युमिनियमचा मुलामा एकमेकांना चिकटवलेला असतो. ते कोणी सोडवत बसत नाही. फार तर सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातं. जाळण्याला वर्तुळ म्हणायचं असेल तर स्मशानालाही म्हणावं लागेल.

मुंबईला गिरणीत किंवा गोदीत ज्यांनी दिवस काढले त्यांना आरेच्या दुधाच्या काचेच्या बाटल्या आठवत असतील. रिकामी बाटली द्यायची आणि भरलेली घ्यायची. वितळवायची गरज नाही, फक्त धुवायची. ते खरं वर्तुळ होतं. ते चाललं, कारण बाटली परत न देणाऱ्याचं नुकसान होत होतं आणि दूध केंद्र घराजवळ होतं. पुढे प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या, त्या हलक्या, न फुटणाऱ्या, आणि परत गोळा करायची कटकट नाही. वर्तुळ मोडलं. २०१८ साली महाराष्ट्र सरकारने प्लॅस्टिकबंदी आणली, तेव्हा पाण्याच्या बाटल्या परत घेऊन गिऱ्हाइकाला पैसे द्यायचे, असंही त्यात होतं. इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी दुकानात बाटली देऊन रुपया परत घेतलाय? हात वर करा. (कोणीही हात वर केला नाही.) बघा. नियम कागदावर असणं आणि व्यवहारात उतरणं, यात एवढं अंतर असतं.

आता आपल्या बंदराकडे या. मिरकरवाड्याला मासळी उतरते. चांगली मासळी बाजारात आणि कारखान्यात जाते. मुंडकी, काटे, आतडी आणि कोणी न घेणारी बारीक मासळी पूर्वी फेकली जायची, फार तर सुकवून खताला जायची. मग फिशमीलचे कारखाने आले. ह्या सगळ्याचं वाळवून पीठ करतात, तेल काढतात, ते कोळंबीच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात जातं. टाकाऊतून टिकाऊ म्हणून आपण शाळेतल्या मुलांना शिकवावं असं हे उदाहरण. मुंडक्या-काट्यांपुरतं ते खरंही आहे.

पण टाकाऊ मासळीला भाव आला की काय होतं? जाळ्यात चुकून आलेली पिल्लं पूर्वी नुकसान म्हणून मोजली जात, आता ती कमाई झाली. जाळ्याची आस बारीक ठेवायला कारण मिळालं. कारखाना एकदा उभा राहिला की त्याला रोज माल लागतो, मुंडकी आणि काटे पुरत नाहीत, मग पिल्लंच टाकाऊ म्हणून भरली जातात. जो बांगडा वर्षभराने मोठा होऊन, अंडी घालून आपल्या ताटात आला असता, तो पिठात गेला. आपल्या किनाऱ्यावरचे शास्त्रज्ञ ही गोष्ट कधीपासून सांगत आहेत. २०२३ साली राज्य सरकारने ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला, तो ह्याच कारणाने. तेव्हा कुठलीही पुनर्वापराची योजना पुढे आली की विचारायचं, हिला कचरा कमी झालेला परवडेल का? कचरा कमी झाला की जी बंद पडते, ती उद्या कचरा वाढवायच्या मागे लागते.

आपल्या शेतातला राब घ्या. शेण, पालापाचोळा, गवत, वर कवळ तोडून जाळायचं आणि त्या राखेवर भाताचा तरवा काढायचा. सगळं घरचं, जंगलचं, विकत काही नाही. पण त्या कवळासाठी ऐन, किंजळ दरवर्षी खांडून खांडून डोंगर बोडके झाले. वर्तुळ आतून गोल दिसतं. बाहेरून ते कोणाचं काय खातं, हे बघितल्याशिवाय त्याला टिकाऊ म्हणू नये.

बंधू-भगिनींनो, इथपर्यंत जे सांगितलं ते कुठल्याही पर्यावरणाच्या शिबिरात तुम्हाला कोणीही सांगेल. ह्यापुढचं मात्र तिथे सांगत नाहीत, ते आपल्यालाच सांगावं लागतं.

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी परमपूज्य बाबासाहेबांनी जे भाषण केलं, ते आपल्यापैकी अनेकांनी वाचलेलं आहे. त्यात त्यांनी एक जुनी आठवण सांगितली होती. मेलेली ढोरं ओढू नका, असं त्यांनी आपल्या लोकांना सांगितल्यावर 'केसरी'त पत्रं छापून येऊ लागली. त्यात हिशेब मांडलेला असे. गावात वर्षाला इतकी ढोरं मरतात, त्यांचं कातडं, शिंगं, खूर, हाडं, मांस, शेपूट ह्या सगळ्याची किंमत धरली तर महारांचं वर्षाला पाचशे रुपयांचं उत्पन्न बुडतं. संगमनेरला एका सभेच्या वेळी एका बातमीदाराने त्यांना चिठ्ठी पाठवून हेच विचारलं, की तुमच्या लोकांना खायला अन्न नाही, बायकांना लुगडं नाही, आणि तुम्ही त्यांना हातचं उत्पन्न सोडायला सांगता, हा त्यांचा तोटा नाही का? बाबासाहेबांनी त्याला दिलेल्या उत्तराचा आशय असा, की तुम्हाला मुलंबाळं किती, भाऊबंद किती? एवढा फायदा असेल तर तुम्हीच सहकुटुंब हे काम करा, पाचशे रुपये तर मिळतीलच, वर आणखी पाचशे मी माझ्या पदरचे देतो. आमच्या लोकांचं काय व्हायचं ते आम्ही बघून घेऊ.

आता हिशेबनिसाच्या नजरेने ती 'केसरी'तली पत्रं बघा. त्यांत काय चूक होतं? बेरीज बरोबर असेल. कातडं वाया नाही, शिंग वाया नाही, हाड वाया नाही, गावात सडकं ढोर पडून रोगराई नाही. आजच्या भाषेत ती चक्रीय अर्थव्यवस्थेची पहिल्या नंबरची योजना होती, आणि ती शेकडो वर्षं चालली होती. मग ती टिकाऊ होती का? त्या वहीत एक रकाना नव्हता. हे काम कोण करणार, त्याला नाही म्हणायची मुभा आहे का, आणि त्याच्या पोराला दुसरं काही करता येईल का, हा तो रकाना. मार्च १९२७ मध्ये आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या महाडला परिषद भरली. तिथून गावोगाव लोकांनी मेलेलं खाणं आणि ओढणं सोडायला सुरुवात केली, आणि ते शेकडो वर्षांचं वर्तुळ पाहता पाहता ढासळलं. ते बाहेरून कोणी मोडलं नाही. ज्यांच्या पाठीवर ते फिरत होतं ते बाजूला झाले.

त्याची किंमत आपल्या वाडवडिलांनी मोजली. माझे आजोबा सांगायचे, त्यांच्या गावात बंदी पाळली तेव्हा दुकानदाराने मीठ देणं बंद केलं, वाट अडवली, मोलमजुरी तुटली. पावसाळाभर घरात कंदमुळं होती. वतनं कायद्याने रद्द व्हायला पुढे १९५८ साल उजाडलं. आजोबांच्या बोलण्यात कधी पाचशे रुपयांचा उल्लेख आला नाही.

असाच दुसरा शब्द आहे सोनखत. काय सुंदर नाव! शहरातला मैला गोळा करायचा, कुजवायचा, शेतकऱ्याला खत म्हणून विकायचा. शेतीशास्त्राच्या हिशेबाने त्यात काही खोट नाही, जमिनीतलं जमिनीत परत. पण तो मैला डोक्यावरून कोणी वाहिला? १९९३ साली एक कायदा झाला, तो पुरा पडला नाही म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला, आणि तरीही गटारात उतरून माणसं मेल्याच्या बातम्या आपण वाचतो. नाव सोन्याचं ठेवलं म्हणून रकाना भरत नाही.

ह्याचा अर्थ कचऱ्याचं काम हलकं आहे, आपण ते करूच नये, असं मी म्हणतोय का? नाही. काही तरुण मंडळी मला तसं म्हणाली, की काका, ज्यातून बाबासाहेबांनी बाहेर काढलं त्यातच परत कशाला जायचं? त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण वस्तीतल्या ज्या बाईच्या घरी दोन मुलं आणि म्हातारी सासू आहे आणि आंब्याचा हंगाम संपला की कॅनिंगचं काम बंद होतं, तिला मी नुसता स्वाभिमान सांगून घरी पाठवू शकत नाही. तिला स्वाभिमान माझ्याइतकाच कळतो. तिला कामाच्या अटी हव्या आहेत.

त्या अटी कशा मिळवतात ह्याचं उदाहरण पुण्यात आहे. तिथे कचरा वेचणाऱ्या बायकांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव त्यांच्या पाठीशी होते. ह्या बायका बहुतेक आपल्याच समाजातल्या, दुष्काळी भागातून पोटासाठी आलेल्या. उकिरड्यावर कुत्री अंगावर यायची आणि पोलीस चोर म्हणायचे. त्यांनी आधी ओळखपत्र मागितलं. आम्ही शहराचा कचरा कमी करतो, वाहतुकीचा खर्च वाचवतो, म्हणून आम्ही कामगार आहोत, असं त्यांनी हिशेब करून दाखवलं. पुढे २००८ साली महापालिकेशी करार करून त्यांची 'स्वच्छ' नावाची सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करू लागली. सुमारे साडेतीन हजार सभासद, आणि संस्थेच्या मालक त्याच. घरटी ठरलेली फी त्यांना मिळते आणि भंगार विकून येणारा पैसाही त्यांचाच. काम तेच, पण उकिरड्यावरून दारात आलं आणि चोराची कामगार झाली.

तिथेही सगळं आलबेल नाही. २०२० च्या अखेरीस करार संपला तेव्हा पुढे काय हा प्रश्न उभा राहिला आणि ह्याच बायकांना मुदतवाढीसाठी झगडावं लागलं. मोठ्या गाड्या, मोठे ठेकेदार नेहमी दारात उभे असतात. तेव्हा सहकारी संस्था आहे म्हणून निश्चिंत, असंही समजू नये. पण निदान भांडायला त्यांच्याकडे त्यांची संस्था होती.

आता आपल्या कागदाकडे येतो. पहिली गोष्ट, त्यात पगार नाही, किलोमागे दर आहे आणि तो दर "बाजारभावाप्रमाणे" आहे. हे दोन शब्द मी तांबड्या शाईने अधोरेखित केलेत. जुन्या प्लॅस्टिकचा भाव नव्या प्लॅस्टिकवर ठरतो आणि नव्याचा खनिज तेलावर. तेल स्वस्त झालं की कारखानदार नवंच घेतो, जुनं पडून राहतं. २००८ च्या अखेरीस जगभर मंदी आली तेव्हा भंगाराचे भाव असे कोसळले की वेचणाऱ्यांच्या हातात निम्मेही पैसे राहिले नाहीत. अरबस्तानातल्या तेलाचा भाव उतरला तर रत्नागिरीतल्या बाईने त्याचं नुकसान का सोसायचं? किमान रोज ठरवा आणि भाव वाढला तर वर हिस्सा द्या, असं मागितलं पाहिजे.

दुसरं, पाऊस. कागद लिहिणाऱ्याने कोकणातला आषाढ पाहिलेला दिसत नाही. चार महिने कागद-पुठ्ठा ओला, बुरशी धरलेला, त्याला कोण घेणार? शेडला बाजूच्या भिंती नकाशात नाहीत. आणि माल जाणार कुठे? कारखाना इथे नाही, आंबा घाट चढून कोल्हापूरला किंवा पुढे पुण्याकडे. न दाबलेल्या बाटल्यांचा ट्रक म्हणजे निम्मी हवा. दाबायचं यंत्र महिना पंधरा दिवस बंद पडलं तर डिझेलच्या पैशात सगळा नफा जातो, आणि तेवढं डिझेल जाळून आपण पर्यावरण वाचवलं की काय, तेही एकदा मांडायला हवं. यंत्राची दुरुस्ती कोणाकडे? कागदात नाही.

तिसरं मला सगळ्यात जास्त खटकलं. वेगळा करून झाल्यावर जे विकलंच जात नाही, ती वेफरची पाकिटं, फुटकी काच, भिजलेले डायपर, त्याचं काय? ते उचलायची जबाबदारी कोणाची, ह्याबद्दल अक्षर नाही. शेड आपल्या वस्तीच्या मागे. म्हणजे उचललं नाही तर ते तिथेच साठणार, उन्हाळ्यात एखादी ठिणगी पडली की पेटणार, आणि धूर पहिला ह्या विहारात येणार. शहरात इतक्या जागा असताना कचऱ्याची जागा आपल्याच वस्तीच्या मागे कशी सापडते, हा प्रश्न मी विचारतो तेव्हा काही जण म्हणतात, काका, तुम्हाला सगळीकडे जातच दिसते. दिसते, काय करू? गावाचा नकाशा मी काढलेला नाही.

मी बायकांना सही करू नका असं म्हटलेलं नाही. आज करू नका, एवढंच म्हटलं. हातमोजे, पाणी, संडास, विम्याचा हप्ता कोण भरणार, विकला न जाणारा माल किती दिवसांत उचलणार, किमान रोज किती आणि करार मोडायचा हक्क आपल्यालाही आहे का, हे लिहून मागायचं. शेड एमआयडीसीच्या बाजूला चालेल का, तेही विचारायचं. त्यांनी मान्य केलं तर काम घ्यावं असं माझं मत आहे. नाही केलं तर त्यांच्या वहीत पाचशे रुपयांचा तोटा दिसला तरी चालेल.

जाता जाता आपल्या घरचाही एक हिशेब सांगतो, कारण दुसऱ्याच्या वहीवर तांबडी शाई मारणं सोपं असतं. आपल्या विहाराची भांडी आठवतात? मोठे टोप, पराती, तीनेकशे स्टीलची ताटं, वर्गणी काढून घेतलेली. कोणाचं लग्न असो, पुण्यानुमोदन असो, जयंतीचं जेवण असो, रजिस्टरमध्ये सही करायची, भांडी न्यायची आणि धुऊन आणून द्यायची. एका ताटात किती माणसं जेवली असतील ह्याची गणती नाही. मग ती भांडी माळ्यावर गेली आणि थर्माकोलच्या पत्रावळी आल्या. त्यावर बंदी आली तर आता कागदी प्लेटा आल्या, आतून प्लॅस्टिकचा पापुद्रा लावलेल्या, ज्या भंगारवालाही घेत नाही आणि गाईनेही खाऊ नयेत.

मागच्या मीटिंगमध्ये आम्ही पुरुष मंडळींनी ठराव मांडला की ताटं पुन्हा काढा, पर्यावरणाची हानी होते. महिला मंडळातल्या एका ताईंनी उभं राहून विचारलं, "धुणार कोण?" सभेत शांतता. खरी गोष्ट अशी की ती ताटं माळ्यावर गेली, कारण रात्री बारापर्यंत राखेने ताटं घासून बायकांचे हात सोलले होते, आणि आम्ही तोवर भाषणं करून घरी जाऊन झोपलो होतो. प्लेटा आल्या तेव्हा त्यांना सुटल्यासारखं झालं. त्यांचा दोष मला दिसत नाही. आमच्याही वहीत तोच रकाना कोरा होता.

तेव्हा आज ताटं स्टीलची आहेत, आणि फळ्यावर पाळ्या लिहिलेल्या आहेत. पहिली पाळी कमिटीच्या पुरुष सभासदांची आहे, त्यात चौथं नाव माझं आहे. बचत गटाची मीटिंग येत्या रविवारी सकाळी दहाला इथेच आहे, तो कागद सगळ्यांनी वाचून यावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना घरातल्या पोरांनी वाचून दाखवावा, बारीक अक्षरातला भागसुद्धा. भाजी गार होतेय, मी थांबतो.

जयभीम!